परत म्हणा

धाकटीला त्या दिवशी तशी तीनच कामं होती. चष्म्याची काडी दुरुस्त करून घ्यायची, टपालात एक पाकीट टाकायचं आणि मग एका माणसाशी भांडायचं. पहिली दोन साडेदहाच्या आत उरकली. तिसऱ्यासाठी ती मुद्दाम पायी निघाली, कारण चालताना तिला मुद्दे सुचत असत.

धाकटी म्हणजे कोणी लहान मुलगी नव्हे. वय पासष्ट. उभा जन्म छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून गेला, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका लाल शाईने काढण्यात. पण घरात ती शेंडेफळ. थोरली बहीण तिला धाकटी म्हणायची म्हणून सगळेच म्हणायला लागले. थोरली जाऊन आता नऊ वर्षं झाली होती आणि त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, तरी ती मनातल्या मनात स्वतःला त्याच नावाने दटावायची. धाकटे, आवाज चढवायचा नाही. धाकटे, रडायचं तर मुळीच नाही.

भांडण होतं एका पाटीवरून. शहरातल्या मोठ्या बागेखाली, पंपघराच्या मागे, युद्धाच्या काळातलं एक भुयारी ठाणं होतं. चोपन्न वर्षांपूर्वी शत्रूची विमानं आली की शहराच्या कुठल्या विभागात भोंगा वाजवायचा, हे त्या ठाण्यातून ठरायचं. युद्ध संपलं, ठाण्याला कुलूप लागलं, आत पाणी साचलं आणि लोक विसरले. आता तीन वर्षं खपून ते पुन्हा होतं तसं उभं केलं होतं आणि उद्या त्याचं उद्घाटन होतं. वर्तमानपत्रात आतल्या खोल्यांचे फोटो आले. त्यातल्या एका फोटोत एक पाटी होती आणि धाकटीने ती भिंग लावून वाचली. 'दुर्देवाने त्या संध्याकाळी टेलिफोन ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे विभाग ५५ ऐवजी विभाग ९५ मध्ये भोंगा वाजला. ५५ मधील बाजारात एकशे चौदा माणसे मृत्युमुखी पडली.'

ती ऑपरेटर म्हणजे तिची ताई.

धाकटीने ठाण्याच्या व्यवस्थापकाला तीन पत्रं लिहिली. पहिल्या दोन पत्रांना वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. तिसऱ्याला मात्र छापील कागदावर उत्तर आलं, की आपण लक्षात आणून दिलेली 'दुर्दैवाने' या शब्दातली मात्रेची चूक आम्ही तातडीने दुरुस्त केली आहे, धन्यवाद. ते वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकशे चौदा माणसांचं खापर एका बावीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर फोडून ठेवलं होतं, आणि यांनी मात्रा दुरुस्त केली.

आता ती चूक ताईची नव्हती, हे धाकटीला कसं ठाऊक? ताईने तर तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. ठाण्यात जे काही बोललं जाईल ते बाहेर सांगणार नाही, अशी शपथ त्या मुलींकडून लिहून घेतली होती आणि ताईने ती मरेपर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षं पाळली. शपथ तिच्या वरच्या साहेबानेही घेतली होती. तो ठाणेप्रमुख. त्याने निवृत्तीनंतर आठवणींचं जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात छापलं, की मुलगी पंचाण्णवच म्हणाली, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या पुस्तकावर त्याचे सत्कार झाले.

पण पंचावन्न आणि पंचाण्णव हे दोन आकडे जरा तोंडावर फडकं धरून म्हणून बघा. खरखरणाऱ्या तारेवर कोणता कुठला, ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून तर ऑपरेटर मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायचे की जोडआकडा उच्चारायचाच नाही. सुटे आकडे म्हणायचे. पाच पाच. नऊ पाच. निरोप दिला की म्हणायचं, 'परत म्हणा.' समोरच्याने तो परत म्हटला आणि जुळला, की 'बरोबर' म्हणायचं आणि मगच तार काढायची. हे ताईच्या इतकं अंगात मुरलं होतं की कोणी वय विचारलं तर ती 'दोन दोन' म्हणायची आणि गल्लीतली पोरं हसायची. धाकटीला दुकानात धाडायची तर म्हणायची, साबण दोन, सुयांची पुडी एक, परत म्हण. आणि अकरा वर्षांची धाकटी दारात उभी राहून शहाण्यासारखं परत म्हणायची.

नोकरीवरून काढल्यावर ताई घरी बसून शिवणकाम करायला लागली. ठरलेलं लग्न मोडलं. बाजारात दोन मुलगे गमावलेली एक बाई महिनाभर रोज समोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहायची. ओरडायची नाही, काही नाही, नुसती दाराकडे बघायची. ताईने कधी दार लावून घेतलं नाही. ती मशीनवर बसून राहायची आणि त्या बाईला स्वतःकडे बघू द्यायची. हे सगळं धाकटीने पाहिलं होतं, आणि वर ही पाटी.

व्यवस्थापक पस्तिशीचा, गोड बोलणारा, इस्त्रीचा माणूस होता. तो पंपघरापाशीच भेटला. उद्याच्या धावपळीत त्याला वेळ नव्हता, पण बाई हात हलवत परत जाणाऱ्यातल्या नाहीत हे त्याने ओळखलं असावं. तो म्हणाला की खाली चला, ठाणं बघा, मग बोलू. बरोबर एक वायरमन होता. त्याने धाकटीला "आजी, जपून" म्हटलं आणि तिने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की पुढच्या पायऱ्यांवर तो गप्प राहिला.

पायऱ्या बासष्ट होत्या. वरून उन्हाचा पट्टा पहिल्या वळणापर्यंत येत होता, पुढे जाळीतले पिवळे दिवे. ताज्या रंगाचा वास येत होता आणि त्या रंगाच्या खालून दुसरा, जुना वास, ओल्या सिमेंटचा आणि तापलेल्या रबराचा. हवा खेळती ठेवणारा एक मोठा पंखा कुठेतरी घरघरत होता. व्यवस्थापक सांगत होता की दारं मूळची, कुलपं मूळची, भिंतीवरचं घड्याळसुद्धा मूळचं. ठाणेप्रमुखाची टोपी काचेच्या पेटीत ठेवली होती आणि तिच्यावर वेगळा दिवा सोडला होता. धाकटी त्या पेटीपुढे थांबली नाही.

टेलिफोनची खोली लहानशी होती. एका भिंतीला लाकडी बोर्ड, त्यावर नंबर घातलेल्या पितळी झाकण्यांच्या रांगा. फोन आला की त्या नंबरची झाकणी खाली पडायची, मग मुलीने खालच्या दोऱ्यांतली एक उचलून झाकणीमागच्या भोकात खुपसायची. बोर्डासमोर खुर्चीत मेणाचा एक पुतळा बसवला होता. तरुण मुलगी, कानाला फोनचा संच, लाल ओठ, लांब रंगवलेली नखं आणि चेहऱ्यावर हसू. धाकटी बघतच राहिली. ऑपरेटर मुलींना नखं वाढवायची परवानगी नव्हती. ताईची नखं बोटाच्या आत असायची. आणि हसायला काय झालं होतं त्या संध्याकाळी? पण व्यवस्थापक म्हणाला की पर्यटकांना जरा प्रसन्न चेहरा लागतो.

पुतळ्याच्या शेजारीच ती पाटी होती. मात्रा खरंच दुरुस्त केलेली होती.

धाकटीने मुद्दे मांडायला सुरुवात केली. सुट्या आकड्यांची शिकवण, परत म्हणायची रीत, सगळं. तो मान डोलावत होता. मग म्हणाला की मॅडम, सवय म्हणजे काही पुरावा नाही, चौकशी अहवालात स्पष्ट लिहिलंय. तेवढ्यात वरून कोणीतरी त्याला हाक मारली. भुयारात मोबाइल चालत नाही, उद्याच्या पाहुण्यांच्या सचिवांचा फोन येणार होता. पाच मिनिटांत येतो म्हणून तो वर गेला आणि वायरमनलाही घेऊन गेला.

धाकटी एकटी उरली. तिने पर्स उघडली, लाल पेन काढलं आणि छापखान्यात काढायची तशी 'ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे' या शब्दांवर सरळ, आडवी रेघ मारली. समासात 'वगळा'ची खूण केली. रेघ चांगली आली.

पंखा थांबला तो तेव्हाच.

पंखा चालू असताना त्याचा आवाज लक्षातही येत नव्हता. तो थांबल्यावर मात्र कानात दडे बसल्यासारखं झालं. दिवा गेला नाही, नुसता मंद झाला. रबराचा वास एकदम दाट झाला, जणू कोणी फोनच्या संचाचं रबर आत्ताच तासभर कानाला धरलं होतं. धाकटी म्हणाली, वर मेन स्विच बघत असतील. ती मोठ्याने म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला आवडला नाही.

मग बोर्डावरची एक झाकणी खट्कन खाली पडली.

तिने मागे बघितलं. दारात कोणी नव्हतं. झाकणीच्या मागे एक लहानसं काळं भोक दिसत होतं. दुसऱ्या कोणाला पळून जावंसं वाटलं असतं. धाकटीलाही वाटलं, खोटं कशाला सांगा. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली, की फोन आलाय आणि कोणी घेत नाहीये, आणि उद्या म्हणतील ऑपरेटरने घेतला नाही. तिने पुतळ्याच्या डोक्यावरून संच ओढून काढला, त्याबरोबर केसांचा टोप निघाला आणि पुतळा खाली कोसळला; तिने संच स्वतःच्या कानाला लावला आणि दोरी उचलून भोकात खुपसली.

आधी नुसती खरखर. त्याच्यामागे कुठेतरी खुर्च्या सरकत होत्या, माणसं बोलत होती. मग अगदी जवळ, कानाशीच, एका मुलीचा आवाज आला. चोपन्न वर्षांनी ऐकलेला तो आवाज ओळखायला धाकटीला क्षण लागला, कारण तिच्या ओळखीची ताई म्हातारी होती आणि हा आवाज बावीस वर्षांचा होता.

"साहेब, निरोप घ्या. भोंगा, विभाग पाच पाच. पाच… पाच. परत म्हणा."

"हो, पंचावन्न," पुरुषाचा आवाज म्हणाला. फोनमध्ये नव्हे, तोंड वळवून दुसऱ्याच कोणाला. "पंचावन्न लाव रे."

खूप लांबून तिसरा आवाज आला. "पंचाण्णव… लावला, साहेब."

"साहेब, त्यांनी नऊ पाच ऐकलं. पाच पाच आहे. साहेब, परत म्हणा… परत म्हणा…"

"तू मला शिकवू नकोस."

खट्. मग शांतता. मग पुन्हा खरखर, पुन्हा खुर्च्या, आणि तोच आवाज पहिल्यापासून. साहेब, निरोप घ्या. तीन वेळा धाकटीने ते सगळं ऐकलं. तिसऱ्या वेळी साहेबाचा आवाज आला तेव्हा तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की भीती कुठल्या कुठे गेली. ती ओरडणार होती, पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"ताई…"

तारेवरचं सगळं थांबलं. खुर्च्या, माणसं, खरखर. कोणीतरी श्वास रोखून ऐकत होतं.

"लाइनवर कोण आहे?"

"मी… धाकटी."

ताई हळूच, घाईघाईने बोलली, कामावर असताना कोणी घरचं भेटायला आलं की बोलायची तशी.

"लाइन सोड, धाकटे. निरोप जायचाय अजून."

पंखा सुरू झाला. दिवा उजळला. व्यवस्थापक परत आला तेव्हा ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती, पुतळा टकला होऊन जमिनीवर पडला होता आणि पाटीवर लाल रेघ होती. त्याने आधी रेघ पाहिली आणि त्याचा गोडवा संपला. धाकटीने त्याला जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्याने वायरमनला बोर्ड मागून उघडायला लावला. आत काही नव्हतं. एकही तार नव्हती, नुसतं रिकामं लाकडी खोकं आणि तळाशी भुसा. समोरची प्रत्येक दोरी बोटभर आत जाऊन संपत होती. वायरमन म्हणाला की झाकण्या तर त्याने स्वतः डिंकाने चिकटवल्या होत्या. मग तो पडलेल्या झाकणीकडे बघत राहिला.

"मॅडम, तुमच्या भावना कळतात," व्यवस्थापक म्हणाला. "पण कानाला काहीतरी ऐकू आलं, हा पुरावा होत नाही."

"ठाणेप्रमुखाचा कसा झाला मग?" धाकटी म्हणाली. "मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, एवढंच तर लिहिलंय त्याने. त्याचे कान ते कान, आणि माझे काय?"

त्याने तिला कोपराला धरून बासष्ट पायऱ्या वर नेलं आणि उद्या कृपा करून येऊ नका असं सांगितलं. धाकटी घरी आली ती धुमसतच.

दुसऱ्या दिवशी ती अर्थातच गेली. सकाळी भाषणं झाली, फीत कापली गेली, आणि दुपारी बारानंतर ठाणं सगळ्यांसाठी उघडलं. पहिल्या चाळीस जणांच्या रांगेत ती उभी राहिली. व्यवस्थापकाने तिला पाहिलं, पण चारचौघांत तमाशा नको म्हणून तो काही बोलला नाही. प्रत्येकाला गळ्यात अडकवायला एक यंत्र आणि कानाला लावायचा संच देत होते, त्यातून ठाण्याची माहिती ऐकू यायची. धाकटीने तो घेतला नाही. ताईची बदनामी ऐकायला ती आली नव्हती. तिला फक्त पाटी बघायची होती. रेघ स्पिरिटने पुसून टाकली होती आणि अक्षरं आता जास्तच चकचकत होती.

तिथून सगळे मुख्य खोलीत गेले. उंच छताची खोली, भिंतभर शहराचा नकाशा, त्यावर विभागांचे नंबर आणि प्रत्येक नंबराखाली लहान दिवा. चाळीस माणसं नकाशाकडे तोंड करून, कानाला संच लावून उभी होती. चपलांचा आवाजसुद्धा नव्हता. अशा वेळी ऐकणाऱ्याला सगळं ऐकू येतं आणि न ऐकणाऱ्याला काहीच नाही. धाकटी भिंतीला टेकून त्यांचे चेहरे बघत होती.

जाड भिंगांचा एक गृहस्थ पुढे उभा होता. तो पुटपुटला, "पाच पाच."

मग त्याच्या शेजारची, मुलीला कडेवर घेतलेली बाई. "पाच… पाच." मग मागून दोघे तिघे. मग सगळी खोली, एका सुरात नव्हे, जो तो आपापल्या वेळेला, दुकानात सामान सांगावं तसं. पाच पाच. पाच पाच. व्यवस्थापक धावत आला. त्याने त्या गृहस्थाला विचारलं की काय चाललंय. तो गृहस्थ उलट त्यालाच हसून म्हणाला, "अहो, त्या बाई परत म्हणायला सांगतायत ना."

व्यवस्थापकाने त्याच्या कानावरचा संच काढून स्वतःच्या कानाला लावला. माहितीचा सगळा मजकूर त्याने स्वतः बसून ध्वनिमुद्रित करून घेतला होता, त्यात कुठल्याही बाईचा आवाज नव्हता. धाकटी त्याच्याकडे बघत होती. त्याचा चेहरा आधी त्रासिक होता, मग लक्ष देऊन ऐकणाऱ्याचा झाला, मग त्यातलं रक्त उतरलं. त्याचे ओठ हलले.

"पाच पाच," तो म्हणाला.

धाकटीने मुलीला कडेवर घेतलेल्या बाईच्या कानावरून संच जवळजवळ हिसकावूनच घेतला. कानाला लावला तेव्हा तिला एकच शब्द मिळाला.

"बरोबर."

धाकटी तिथेच जमिनीवर बसली आणि पासष्ट वर्षांची बाई चाळीस परक्या माणसांपुढे ओक्साबोक्शी रडली. व्यवस्थापक तिच्याशेजारी गुडघ्यावर बसला. पाटी आत्ताच्या आत्ता उतरवतो, म्हणाला. नवा मजकूर तुम्हीच लिहून द्या, मी एक काना बदलणार नाही. तो खरं बोलत होता, हे तिला कळत होतं. आता वर जावं, उन्हात बसावं आणि पोटभर चहा प्यावा, एवढंच तिच्या मनात होतं.

पण कोणी कानावरून संच काढत नव्हतं. माणसं तशीच उभी होती आणि त्यांच्या माना थोड्या तिरक्या झाल्या होत्या, नवीन काही नीट ऐकायचं असावं तशा.

"सात दोन," जाड भिंगांचा गृहस्थ म्हणाला. त्याच्या कानाला आता काहीच लावलेलं नव्हतं.

"सात दोन," मागून कोणी म्हणालं. मग सगळेच.

धाकटीने संच कानावर दाबून धरला. ताईचा आवाज तोच होता, पण मागच्या खुर्च्या नव्हत्या, साहेब नव्हता. ती मोकळ्या तारेवरून बोलत होती. "निरोप घ्या. विभाग सात दोन. सगळ्यांना बाहेर काढा. परत म्हणा." धाकटी उठली आणि नकाशापाशी गेली. तिने बोट फिरवत फिरवत बहात्तर शोधला. तो नदीच्या वळणावर होता, तिथे आता काय आहे, शाळा आहे की वस्ती, ते तिला आठवेना. तिने व्यवस्थापकाला विचारलं, बहात्तर म्हणजे आजचं कुठे येतं, लवकर सांगा.

तो नकाशाकडे बघत होता.

"मूळ नकाशा मिळालाच नाही, मॅडम," तो म्हणाला. "ते आकडे… पेंटरने अंदाजाने टाकलेत."

एवढी तीन वर्षं यांनी कुलपं घासली, टोपीवर दिवा सोडला. धाकटीने खोलीभर नजर फिरवली. सात दोन कुठे आहे हे सांगू शकणारं तिथे कोणी नव्हतं. चाळीस माणसं आज्ञाधारकपणे आकडा परत म्हणत होती आणि कानातला ताईचा आवाज आता घाईला आला होता.